कुंग फू सिनेमातल्या बायका खरंच लढतात का, आणि कुठला सिनेमा आधी बघावा

प्रश्न थोडक्यात असा: "ब्रूस ली आणि जॅकी चॅनचे बहुतेक सिनेमे पाहून झाले. मुलगी तायक्वांदो शिकते. तिच्याबरोबर बघण्यासारखे, बाई मुख्य भूमिकेत असलेले जुने कुंग फू सिनेमे सांगा. आणि त्या बायका खरंच लढतात, की सगळी कॅमेऱ्याची करामत?"

आधी दुसऱ्या प्रश्नाचं बघू. त्याचं उत्तर मिळालं की काय बघायचं आणि कसं बघायचं, दोन्ही सुटतं.

पडद्यावर खरंच कुणीच लढत नाही. ब्रूस लीसुद्धा नाही. त्याच्या कोलांट्या उड्या युएन वा नावाचा, चिनी ऑपेरात (म्हणजे गाणं, नाच आणि कसरतींच्या नाटकात) तयार झालेला डुप्लिकेट मारायचा, आणि त्यामुळे ब्रूस ली तसूभरही लहान होत नाही. मी आधी हिरॉइनची डुप्लिकेट म्हणून काम केलं, आता फाइट बसवते. या कामात एक गोष्ट लवकर कळते. रिंगमध्ये फटका लपवायचा असतो, समोरच्याला तो दिसला की संपलं. पडद्यावर तोच फटका दाखवायचा असतो, शेवटच्या रांगेतल्या माणसाला तो निघताना, पोचताना आणि परत येताना दिसला पाहिजे. त्यामुळे स्पर्धा जिंकणारी मुलगी कॅमेऱ्यासमोर अनेकदा फिकी पडते आणि नाचणारी मुलगी पहिल्याच दिवशी चमकते. हाँगकाँगवाल्यांना हे फार आधी कळलं होतं. म्हणून कुठलीही नायिका बघताना मी दोनच गोष्टी बघते: हिचं अंग कुठे घडलंय, आणि दिग्दर्शकाने त्या अंगाला जमेल असा कॅमेरा लावलाय का.

चेंग पेई-पेईपासून सुरुवात करू. 'कम ड्रिंक विथ मी', 1966, हाँगकाँगचा शॉ ब्रदर्स स्टुडिओ, दिग्दर्शक किंग हू. पेई-पेई जन्माने शांघायची, शिक्षण नाचाचं, आणि शूटिंगच्या वेळी जेमतेम विशीची. लढाईचा अनुभव शून्य. गोष्ट साधी आहे. डाकूंनी राज्यपालाच्या मुलाला पळवलंय, त्यांना बदल्यात आपला पकडलेला सरदार सोडवून हवाय. वाटाघाटीला 'गोल्डन स्वॉलो' येते, पुरुषवेषात. ती त्या पळवलेल्या मुलाची बहीण.

यातला खानावळीचा प्रसंग मी नव्या मुलांना मुद्दाम दाखवते. ती बाकावर बसली आहे. एकेक डाकू येतो, जवळ बसतो, टोमणा मारतो, अंदाज घेतो. बराच वेळ काही घडत नाही, आणि त्या न घडण्यातच सगळी मजा आहे. ती मान वळवत नाही, फक्त डोळे फिरतात. हालचाल येते तेव्हा एका झटक्यात येते आणि पुन्हा सगळं थांबतं. हे लढवय्याचं काम नाही, नर्तकीचं आहे. सम कुठे आहे हे अंगात भिनलेल्या माणसालाच इतकं स्थिर बसता येतं. किंग हूने ते ओळखलं. तिच्याकडून वीस वार सलग करून घेतले नाहीत. थांब, वार, थांब, असं बसवलं आणि बाकीचं काम एडिटिंग टेबलावर केलं.

किंग हूच्या या पद्धतीचं याहून टोकाचं रूप 'अ टच ऑफ झेन'मध्ये दिसतं (तैवान, 1970-71, आणि 1975 मध्ये कान महोत्सवात तांत्रिक पुरस्कार). नायिका श्यू फेंग. तिलाही मार्शल आर्टचं शिक्षण नव्हतं. फाइट बसवणारा हान यिंगजिए पेकिंग ऑपेरातला. 'द बिग बॉस'मध्ये ब्रूस ली शेवटी ज्या बड्या खलनायकाशी भिडतो, तो हाच. यातल्या बांबूच्या बनातल्या मारामारीत श्यू फेंग उंच बांबूंमधून खाली सूर मारते. एकदा आवाज बंद करून बघा. एका शॉटमध्ये माणूस ट्रॅम्पोलिनवरून उसळून चौकटीबाहेर जातो. पुढच्यात फक्त पानं आणि कपड्याचा एक फरकाटा. मग वरून खाली येणारं अंग, अगदी काही फ्रेम. मग जमीन. एकाही शॉटमध्ये पूर्ण उडी नाही. उडी तुमच्या डोक्यात पुरी होते. केबलवर माणूस टांगून सलग शॉट घेणाऱ्या आजच्या फाइट्सपेक्षा मला ती जास्त खरी वाटते, कारण केबलवर लटकलेल्या माणसाचं वजन कमरेतून धरलेलं दिसतं आणि डोळा ते लगेच पकडतो.

पण हा सिनेमा मुलीबरोबर पहिला लावू नका. तीन तासांचा आहे आणि पहिली खरी मारामारी यायला जवळपास तास जातो. तोवर एक पडका किल्ला, एक भित्रा लेखनिक, त्याच्या लग्नाची घाई झालेली आई आणि धुकं. मला ते सगळं आवडतं. तेरा-चौदा वर्षांच्या मुलीला आवडेलच असं नाही.

पेई-पेईचं पुढे काय झालं तेही सांगते. 1967 मध्ये शॉ ब्रदर्सचाच चांग चेह 'वन-आर्म्ड स्वोर्ड्समन' घेऊन आला, सिनेमा तुफान चालला आणि वारं फिरलं. उघड्या छातीचे, रक्ताने माखलेले, मित्रासाठी मरणारे पुरुष. 1968 च्या 'गोल्डन स्वॉलो'ला नाव तिच्या पात्राचं आहे, सिनेमा मात्र नायक जिमी वांग यूचा. पुढे ती लग्न करून अमेरिकेला गेली. 2000 मध्ये 'क्राउचिंग टायगर, हिडन ड्रॅगन'मधली खलनायिका जेड फॉक्स म्हणून जगाने तिला नव्याने पाहिलं. 2024 मध्ये ती गेली.

आता अँजेला माओ. तुमच्या घरासाठी हे सगळ्यात महत्त्वाचं नाव.

तुम्ही तिला पाहिलंय. 'एन्टर द ड्रॅगन'मध्ये ब्रूस लीची बहीण, गुंडांना चुकवत पळणारी आणि वळून वळून लाथा घालणारी, ती हीच. काही मिनिटांचंच काम, पण त्या सिनेमात ब्रूस ली वगळता इतकी स्वच्छ लाथ दुसऱ्या कुणाची मला दिसत नाही. ती तैवानची, लहानपणापासून पेकिंग ऑपेरात वाढलेली. ऑपेरात लढणाऱ्या स्त्रीची वेगळी भूमिका असते, तिला वूदान म्हणतात. चारी बाजूंनी भाले फेकले जातात आणि ती ते पायांनी परत उडवते, तालात, एकही न पाडता. जिने लहानपणी हे केलंय, तिला सेटवर चार जण चार बाजूंनी अंगावर येण्याची भीती उरत नाही. आमच्याकडे नव्या मुलींचा अर्धा वेळ हीच भीती मोडण्यात जातो: डोळे मिटतात, खांदे वर येतात, लाथ अर्ध्यात थांबते.

1970 मध्ये गोल्डन हार्वेस्ट ही कंपनी निघाली आणि माओ तिची पहिली मोठी नायिका झाली. तिचा बघायलाच हवा असा सिनेमा 'हापकिडो' (1972, दिग्दर्शक हुआंग फेंग). त्यासाठी ती कोरियात जाऊन हापकिडो ही तिथली युद्धकला शिकली. शिकवणारे जी हान-जे सिनेमातही गुरूच्या भूमिकेत आहेत. तिच्याबरोबर सॅमो हुंग आणि कार्टर वाँग आहेत. थोरला गुरुबंधू झालेला व्हांग इन-शिक तुम्हाला 'वे ऑफ द ड्रॅगन'मध्ये भेटलेला असेल. कथा 1934 ची. जपानी अमलाखालच्या कोरियात शिकलेले तीन चिनी विद्यार्थी चीनमध्ये परतून शाळा काढतात, शेजारची जपानी शाळा त्यांना छळते. गुरूने सांगितलंय, सहन करा. सॅमोला ते जमत नाही. माओला जमतं, आणि तिचं ते सहन करणं बघणं हाच सिनेमा आहे. जबडा घट्ट, हात मागे, नजर समोर. मग एका क्षणी ती सुटते.

मुलीला इथे एक गोष्ट बघायला सांगा. माओने गिरकी घेऊन लाथ मारली की लाथ मारणाऱ्या पायाकडे बघू नका, ज्या पायावर ती उभी आहे त्याकडे बघा. तायक्वांदोत शिकवतातच की आधाराच्या पायाची टाच लक्ष्याकडे वळली पाहिजे, तरच कंबर उघडते आणि लाथेत वजन येतं. ज्यांना ते जमत नाही त्यांचे पाय चौकटीत येतच नाहीत: कमरेवरचा शॉट, कट, समोरच्याच्या तोंडाचा शॉट, आवाज, तो पडला. माओला कॅमेरा डोक्यापासून पायापर्यंत घेतो आणि टाच वळताना दिसते. कोरियन शिस्त शिकणारी मुलगी हे तुमच्या आधी ओळखेल. तिला आवडलं तर पुढचा सिनेमा 'व्हेन तायक्वांदो स्ट्राइक्स' (1973). त्यात अमेरिकेत तायक्वांदो रुजवणारे जून री स्वतः आहेत. सिनेमा म्हणून तो 'हापकिडो'च्या खालचा आहे, पण लाथा बघण्यासारख्या.

एक सावधगिरी: 'हापकिडो'त मारहाण निर्दय आहे आणि चांगली माणसं मरतात. माओचे बाकीचे सिनेमे कमीजास्त आहेत, सगळे शोधत बसू नका. फक्त किंग हूचा 'द फेट ऑफ ली खान' (1973) जरूर बघा. त्यात एका खानावळीत मालकीण आणि चार वाढपिणी, सगळ्या वेषांतर केलेल्या लढवय्या. माओ त्यातली एक, तर श्यू फेंग विरुद्ध बाजूला, खलनायकाची बहीण. फाइट्स सॅमो हुंगच्या. पडद्यावर एकाच वेळी इतक्या बायका स्वतःच्या डोक्याने डाव आखताहेत असं मी इतर कुठे फारसं पाहिलेलं नाही. पुढे माओने सिनेमा सोडला आणि न्यूयॉर्कमध्ये क्वीन्सला कुटुंबासह रेस्टॉरंट चालवलं.

सुरुवात मात्र कारा हुईच्या 'माय यंग आंटी'ने करा (1981). मराठी घराला हा सिनेमा समजावून सांगावा लागत नाही. एक तरुण मुलगी वयोवृद्ध मालकाशी नावापुरतं लग्न करते, का तर त्याची इस्टेट दुष्ट भावाच्या हाती जाऊ नये. म्हातारा वारतो. ती कागदपत्रं घेऊन पुतण्याच्या घरी येते. पुतण्या तिच्याहून कितीतरी मोठा, पण ती नात्याने काकू! तो भर दारात वाकून नमस्कार करतो, आणि त्याचा कॉलेजात जाणारा, इंग्रजी फाडणारा मुलगा तोंड वाकडं करतो. वयाने लहान, मानाने मोठी, ही पंचाईत आपल्याकडे प्रत्येक मोठ्या खटल्यात असते.

पुतण्या झालेला माणूसच दिग्दर्शक: लाउ कार-लिउंग. याची परंपरा अस्सल. वडील लाम साई-विंगचे शिष्य आणि लाम साई-विंग हे दंतकथा झालेले कुंग फू उस्ताद वाँग फेई-हुंग यांचे. त्यामुळे त्याच्या सिनेमात मारामारी म्हणजे नुसती हाणामारी नसते, कुठली पद्धत, कुठला पवित्रा, त्याला उत्तर काय, हे स्पष्ट दिसतं. कारा हुई गरिबीत वाढलेली, लहानपणी हाँगकाँगमधल्या वान चायच्या रस्त्यावर खलाशांना च्युइंग गम विकणारी, मग नाइटक्लबमध्ये नाचणारी. कुंग फू तिला या माणसाने शिकवलं. पण किंग हूसारखं तुकडे करून नाही, तो दहा-दहा, पंधरा-पंधरा हालचाली एका शॉटमध्ये घेतो. एक चुकली की पुन्हा पहिल्यापासून. समोर चार माणसं असतील तर चौघांचंही पुन्हा. नाचणारीला एक फायदा असतो, तिला लांबलचक क्रम पाठ होतो. पण दमल्यावर क्रम पाठ असून चालत नाही, गुडघे वाकलेलेच ठेवावे लागतात, आणि ते तिने ठेवलेत.

या सिनेमात ती नटूनथटून, उंच टाचांचे बूट आणि घट्ट चिनी पोशाख घालून बाजारात जाते आणि गुंडांशी गाठ पडते. हसायला येतं, पण मला या प्रसंगाचा आदर वाटतो. खाली बसायचं तर पोशाख अडवतो, लाथ उचलायची तर अब्रू. टाच उंच असली की वजन पुढे येतं, त्यामुळे मागे रेललेला पवित्रा घेताच येत नाही. लाउ हे अडथळे लपवत नाही, त्यांचीच फाइट करतो. आम्हा बायकांच्या कामात कपडा हा कायमचा शत्रू. हिरोच्या जाकिटाखाली गुडघ्या-कोपरांचे पॅड सहज दडतात, हिरॉइनच्या पातळ ड्रेसखाली काय दडवणार? तिच्या डुप्लिकेटला तसंच पडावं लागतं. हाँगकाँग फिल्म अवॉर्ड्स सुरू झाले तेव्हा उत्कृष्ट अभिनेत्रीचा पहिलावहिला पुरस्कार याच भूमिकेला मिळाला, मारामारीच्या विनोदी सिनेमाला. नंतर आणखी एकदा तिने तोच पुरस्कार घेतला, तेव्हा मात्र फाइटसाठी नाही, अभिनयासाठी.

आता माझी एक तक्रार. हे सिनेमे बघताना शेवटची मारामारी कुणाच्या वाट्याला येते ते बघत जा. 'कम ड्रिंक विथ मी'मध्ये ती विषारी बाणाने घायाळ होते, दारुडा भिकारी तिला वाचवतो. शेवटाकडे ती आपल्या बायकांच्या तुकडीसह लढते खरी, पण अखेरचा सामना त्या भिकाऱ्याचा आणि दुष्ट मठाधिपतीचा. 'अ टच ऑफ झेन'मध्ये शेवट बौद्ध भिक्षू खाऊन टाकतो. 'माय यंग आंटी'त काकू पकडली जाते आणि कळस पुतण्याचा, म्हणजे दिग्दर्शकाचा स्वतःचा! लाउचाच 'हीरोज ऑफ द ईस्ट' (1978) नवरा-बायकोच्या भांडणावर सुरू होतो. चिनी नवरा, जपानी बायको, कुणाची विद्या मोठी, असा झकास मामला. पण जपानी उस्ताद येऊन पोचले की बायको कडेला बसून बघते. सिनेमे चांगले आहेत म्हणून हे जास्त खुपतं. या कसोटीवर 'हापकिडो' बराच टिकतो. पूर्ण उतरतो तो 'विंग चुन' (1994, दिग्दर्शक युएन वू-पिंग), मिशेल योचा.

मिशेल यो मलेशियातल्या इपोहची, लंडनला बॅले शिकलेली. 'यस, मॅडम' (1985) हा तिचा पहिला मोठा फाइटचा सिनेमा. त्यात तिच्याबरोबर अमेरिकेची सिंथिया रॉथरॉक, खरीखुरी स्पर्धाविजेती. दोघी शेजारी असल्या की फरक कळतो. रॉथरॉकचं तंत्र नेमकं, मिशेलची रेषा लांब, पायाच्या बोटापर्यंत गेलेली. कथा टाकाऊ आहे, शेवटची पाचेक मिनिटं बघा. कठड्यावरून मागे झोकून देऊन मिशेल काचेतून आरपार जाते तो शॉट त्यातच आहे. 'विंग चुन'मध्ये टोफूचा (सोयाबीनच्या मऊ पनीरचा) प्रसंग आहे: आव्हान द्यायला आलेल्या उस्तादाला ती सांगते, हा टोफू फोडून दाखव. मग फाइट सगळी त्या पांढऱ्या थरथरत्या ठोकळ्याभोवती. ती त्याला हरवत नाही, फक्त पोचू देत नाही. आणि तिची गुरू झालेली बाई कोण? चेंग पेई-पेई. मध्ये थोडा चावट विनोद आहे, तेवढं घरच्या रीतीप्रमाणे बघा.

तुम्ही पाहिलेल्या 'पोलिस स्टोरी 3' (1992) मध्ये मोटारसायकलवरून धावत्या ट्रेनवर उडी घेणारी तीच. त्या उडीसाठी ती मोटारसायकल चालवायला शिकली होती. चार वर्षांनी अॅन हुईच्या 'आ काम'मध्ये, जो एका स्टंट करणाऱ्या बाईवरच आहे, पुलावरून उडी मारताना तिला गंभीर दुखापत झाली. "खरंच करतात का" याचं उत्तर त्या दिवशी तरी हो असंच होतं.

कुणी म्हणेल हे सगळं साठच्या दशकात सुरू झालं, तर तसंही नाही. शांघायमध्ये 1929 चा 'रेड हीरोइन' हा मूकपट तलवारवालीचाच आहे. तीसच्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या सरकारने असल्या सिनेमांवर बंदी आणली, आणि थोड्याच वर्षांत, 1935 मध्ये, मुंबईत वाडिया मूव्हीटोनची 'हंटरवाली' नादिया चाबूक घेऊन उभी राहिली. दोन्हींचा एकमेकींशी संबंध नाही, पण नादिया पाहिली नसेल तर तीही बघा.

तुमच्या मुलीसाठी माझा क्रम: 'माय यंग आंटी', मग 'विंग चुन', मग 'हापकिडो' आणि 'कम ड्रिंक विथ मी' (यात एका छोट्या भिक्षूचा खून आहे, आधी सांगून ठेवा), आणि 'अ टच ऑफ झेन' तिला स्वतःला मागावासा वाटेल तेव्हा. इंग्रजी डबिंग टाळा, सबटायटल घ्या. आणि प्रत रुंद पडद्याची आहे ना ते पहिल्या मिनिटात बघा. शॉ ब्रदर्सचे हे सिनेमे उंचीच्या सव्वादोन पटींहून जास्त रुंद चौकटीत घेतलेले आहेत. जुन्या कॅसेटच्या काळात टीव्हीत बसवायला दोन्ही कडा छाटल्या जायच्या आणि निम्म्या लाथा चौकटीबाहेर लागायच्या. इंटरनेटवर अजून त्याच छाटलेल्या प्रती फिरतात. माणसं बोलताना दोघांपैकी एकाचं नाकच दिसत असेल, तर ती प्रत बंद करा आणि दुसरी शोधा.